आपला मारिओ सावकाश का पळायचा?

येरवड्यात नव्वदच्या दशकात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारा, ‘मारिओ’चा पहिला टप्पा त्याला आजही पाठ असतो. लक्ष्मीनगर असो, नागपूर चाळ असो की जेल रोडच्या वसाहती, मे महिन्याच्या सुट्टीत ज्या घरी व्हिडिओ गेम आणि रंगीत टीव्ही दोन्ही असत, त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडलेला असे. त्या पहिल्या टप्प्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ४०० हा आकडा दिसतो आणि लगेच उतरायला लागतो. जपानमध्ये तो शून्यावर यायला सुमारे १६० सेकंद लागत. आपल्याकडे १९२ लागत. कॅसेटमधला प्रोग्राम अक्षरन् अक्षर तोच, तरी आपला मारिओ सावकाश पळे, सावकाश उडी मारी आणि मागचं संगीतही संथ लयीत वाजे. सूर मात्र जवळजवळ जागच्या जागी राही.

लय उतरली आणि सूर टिकला, हे आपोआप घडलेलं नाही. त्यामागे तैवानमधल्या अभियंत्यांनी विचारपूर्वक केलेली रचना आहे. ज्या यंत्राला आपण ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवलं, त्याच्या पोटात ही रचना होती आणि एका बाबतीत ती मूळ कंपनीने युरोपात विकलेल्या यंत्रापेक्षाही सरस होती. या यंत्रांच्या सगळ्याच खोडींना अशी कारणं आहेत. ती कळली की यंत्र दुरुस्त करता येतं, त्यात बदल करता येतात. म्हणून ती नीट समजून घ्यावीत असं मला फार वाटतं.

मूळ यंत्र निन्टेन्डो कंपनीचं. १५ जुलै १९८३ रोजी ते जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नावाने बाजारात आलं. तिथले लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणत. १९८५ मध्ये रूप पालटून ते ‘एनईएस’ म्हणून अमेरिकेत गेलं. आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या त्या त्याच्या नकला. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी त्यांची नावं होती. पुढे मुंबईच्या मिताशी कंपनीचे ‘गेम इन’ संच आले. स्वस्त मिळणारं यंत्र हेच होतं. अस्सल मालाची किंमत केवढी असे, याचं एक उदाहरण पुरे. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचं ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आणलं, ते १८,००० रुपयांना. त्या काळी साध्या नोकरदाराचा तो कित्येक महिन्यांचा पगार होता. कायद्याच्या नजरेने बहुतेक स्वस्त कॅसेटींमधले गेम चोरीचेच होते, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण एका पिढीला संगणकाची पहिली ओळख त्याच कॅसेटींनी करून दिली, हेही तितकंच खरं.

आता मंद मारिओकडे. फॅमिकॉमचा कारभार दोन चिप चालवतात. पहिली रिकोह कंपनीने बनवलेली प्रोसेसर चिप, २ए०३. तिच्यात ६५०२ हा त्या काळचा लोकप्रिय प्रोसेसर आणि आवाज निर्माण करणारा भाग एकत्र बसवलेला आहे. दुसरी चित्र काढणारी चिप, २सी०२. चित्र एका वेळी सबंध काढलं जात नाही. टीव्हीचा किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली उतरतो, तळाशी पोहोचला की पुन्हा वर जातो. किरण परत जाण्याच्या त्या मोकळ्या वेळात चित्र-चिप प्रोसेसरला इशारा देते: आता पडद्याला धक्का न लावता जे बदलायचं ते बदलून घे. मारिओचं एक पाऊल, घड्याळाचा एक ठोका, गाण्याची एक मात्रा, सगळं या इशाऱ्यावर पुढे सरकतं.

जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो. आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने इशारा सेकंदात ६० वेळा येणार असं गृहीत धरलेलं असतं. मारिओच्या घड्याळाचा एक आकडा उतरायला २४ चित्रं लागतात, म्हणजे ४०० आकड्यांना ९,६०० चित्रं. साठाने भागलं तर १६०, पन्नासाने भागलं तर १९२. इतकं सरळ गणित आहे.

इथवर दोष टीव्ही पद्धतीचा. खरी करामत पुढे आहे. निन्टेन्डोने युरोपसाठी पाल यंत्र बनवलं, तेव्हा रंगाच्या गणितासाठी २६.६ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक घेतला आणि प्रोसेसरला त्याचा सोळावा भाग दिला. प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्‌झवर चालू लागला. जपानमध्ये तो १.७९ वर चाले. आवाज प्रोसेसरच्याच ठोक्यातून निघत असल्याने जपानी प्रोग्राम त्या यंत्रावर जसाच्या तसा चालवला, तर सूर सात टक्क्यांनी, म्हणजे एका अर्धस्वरापेक्षाही जास्त, खाली येतो. त्यात चित्र-चिप आणि प्रोसेसर यांच्या वेगाचं ३:१ हे प्रमाण बिघडून ३.२:१ झालं. ठरावीक ओळीवर नेमक्या क्षणी पडदा सरकवायचा, अशा कसरती करणारे गेम त्यामुळे अडखळू लागले. प्रकाशकांना युरोपसाठी वेगळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

तैवानच्या यूएमसी कंपनीपुढचा प्रश्न निराळा होता. तिच्या चिप जिथे विकल्या जाणार, तिथे वेगळ्या आवृत्त्या कोण काढणार? जपानी कॅसेट जशी आहे तशीच पाल टीव्हीवर चालली पाहिजे. म्हणून यूए ६५२७पी या प्रोसेसर चिपला तोच २६.६ मेगाहर्ट्‌झचा ठोका पंधराने भागून दिला गेला आणि यूए ६५३८ या चित्र-चिपला पाचाने भागून. प्रोसेसरचा वेग आला १.७७ मेगाहर्ट्‌झ आणि ३:१ हे प्रमाण अबाधित राहिलं. सूर एक टक्क्याहूनही कमी उतरला. भारतीय संगीताच्या हिशेबात तो एका लहान श्रुतीपेक्षाही कमी फरक आहे. तयार कानालाही तो शेजारी मूळ आवाज ठेवल्याशिवाय जाणवायचा नाही.

एक अडचण मात्र उरत होती. जपानी पद्धतीत एका चित्रात २६२ ओळी असतात, पालमध्ये ३१२. या जास्तीच्या पन्नास ओळी कुठे घालायच्या? निन्टेन्डोने त्या किरण परतण्याच्या मोकळ्या वेळेत घातल्या, म्हणजे २० ओळींचा इशाऱ्याचा काळ ७० ओळींचा झाला. नेमका वेळ मोजून लिहिलेल्या प्रोग्रामांचा हिशेब त्याने चुकला. यूएमसीच्या चिपमध्ये चित्र संपलं की यंत्र आधी ५१ ओळी नुसतं थांबतं आणि मगच इशारा देतं. इशाऱ्यानंतरचा काळ जपानी यंत्राइतकाच, २० ओळींचा, राहतो. प्रोग्रामला आपण परमुलखात आहोत याचा पत्ताच लागत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. कॅसेटमधल्या एका अक्षराला हात न लावता, रिकामा वेळ कुठे ठेवायचा एवढंच ठरवून शेकडो गेम वाचवले गेले. या चिपवरचं रशियातलं ‘डेंडी’ नावाचं यंत्र इतकं गाजलं की तंत्रज्ञ आज या सगळ्या पद्धतीलाच ‘डेंडी’ म्हणतात. आपली बहुतेक पाल यंत्रं त्याच घराण्यातली.

आपल्या पडद्यावर मारिओच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या का असत, त्याचं उत्तरही इथेच आहे. गेम २४० ओळी काढतो आणि पाल टीव्हीला २८८ ओळी दाखवता येतात. उरलेली जागा काळी. चित्र किंचित बसकं दिसे तेही यामुळेच.

आवाजात आणखी एक फरक आहे आणि तो आपल्या आठवणीत इतका मुरला आहे की आपण त्यालाच मूळ समजतो. फॅमिकॉममध्ये चौकोनी लहरींचे दोन आवाज असतात. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली राहते, यावरून आवाजाचा पोत ठरतो. १२.५, २५, ५० असे टक्क्यांचे पर्याय प्रोग्राम निवडतो. अनेक नकली चिपमध्ये २५ आणि ५० यांची अदलाबदल झालेली आहे. प्रोग्राम धारदार आवाज मागतो तेव्हा पोकळ येतो आणि पोकळ मागतो तेव्हा धारदार. चाल तीच, वाद्य बदललेलं. आज संगणकावर किंवा मोबाइलवर एम्युलेटर लावून मारिओ खेळणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ असं होतं, त्याचं कारण हे. एफसीईयूएक्स आणि मेसेन या एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय आहे आणि लहरींची अदलाबदल करण्याचीही सोय आहे. दोन्ही चालू करून पाहा. पहिल्या चार सुरांतच घर ओळखू येईल.

मेगा ड्राइव्हचीही गोष्ट याच जातीची, पण तिथला उपाय सोपा. ते यंत्र ५० की ६०, जपानी की परदेशी, हे बोर्डावरच्या साध्या जोडण्यांवरून ठरवतं. जोडणी तोडून तिथे बटण बसवलं की पाल यंत्रही ६० च्या वेगाने धावतं. जगभरच्या हौशी लोकांनी केलेला हा कदाचित सर्वांत लोकप्रिय बदल असेल. ‘सॉनिक’सारखा ज्याचा जीवच वेगात आहे असा गेम ५० वर खेळायचा आणि ६० वर खेळायचा, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अट एकच, टीव्हीने ६० चा सिग्नल स्वीकारला पाहिजे.

टीव्हीला जोडणं हा त्या काळी स्वतंत्र उद्योग होता. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारा दूरदर्शनचा सिग्नल ज्या तारेने घरात येई, तीच तार काढून गेमची लावायची. यंत्रात पत्र्याची एक छोटी डबी असते, आरएफ मॉड्युलेटर. ती चित्र आणि आवाज यांना एका चॅनेलच्या लहरीवर बसवते. टीव्हीच्या दृष्टीने तो एक छोटासा प्रक्षेपकच. पाल असं म्हटलं तरी देशोदेशी त्याचे पोटभेद आहेत. चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असते, हाँगकाँगमध्ये ६. त्यामुळे हाँगकाँगहून आणलेलं यंत्र इथे लावलं की चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. आखाती देशांतून आलेली यंत्रं मात्र सहसा बिनतक्रार चालत, कारण तिथलं अंतर आपल्याइतकंच. टीव्ही दुरुस्त करणारा जाणता कारागीर डबीचं झाकण काढून आवाजाच्या कॉइलचा गाभा प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवी आणि एका जागी खरखर विरून गाणं ऐकू येई. लोखंडी स्क्रूड्रायव्हर तिथे चालत नाही. तो जवळ नेताच कॉइलची लहर बदलते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या अस्सल एनईएसची अवस्था आणखी बिकट होई. ॲडॉप्टर १२० व्होल्टचा, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळालाच. त्यातून वाचलं तरी चित्र ६० चं, रंगाची पद्धत वेगळी, आवाजाचं अंतर ४.५. जुन्या टीव्हीवर चित्र वरखाली लोळे, रंग नसे आणि आवाजही नसे.

आजच्या टीव्हीला अँटेनातून जोडणं शक्य असलं तरी चित्र धूसर येतं. म्हणून ज्या जुन्या यंत्राला पिवळं-लाल एव्ही भोक नाही, त्याला ते बसवणं हा पहिला करण्याजोगा बदल. चित्र-चिपच्या पायातून निघणारा सिग्नल पत्र्याच्या डबीत शिरण्याआधीच पकडायचा. तो थेट टीव्हीला देऊन चालत नाही, टीव्हीचा ७५ ओहमचा भार त्या चिपला झेपत नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर एवढं लागतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत हे सामान सहज मिळतं. आरजीबी किंवा एचडीएमआय हवं असेल तर काम मोठं आहे, कारण ही चित्र-चिप लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग बाहेर देतच नाही. ती पोटातच रंगांचं एकत्रित मिश्रण तयार करते. टिम वर्दिंग्टन यांचा ‘एनईएसआरजीबी’ आणि केव्हिन हॉर्टन यांचा ‘हाय-डेफ एनईएस’ हे बोर्ड चिपकडे जाणाऱ्या आज्ञा मधल्या मध्ये वाचून चित्र नव्याने घडवतात. मूळ निन्टेन्डो यंत्रासाठी ते उत्तम आहेत. आपल्या नकली संचावर एवढा खर्च करू नये, साधं एव्ही पुष्कळ आहे.

आता फुंकर. कॅसेट काढायची, तळाशी तोंड लावून जोरात फुंकायचं, परत बसवायची. हा विधी येरवड्यापासून टोकियोपर्यंत एकच. काम फुंकरीमुळे होत नव्हतं. कॅसेट काढून घातल्याने यंत्रातले स्प्रिंगचे काटे तिच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासले जात आणि वर चढलेला पातळ थर खरवडला जाई. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात. त्यांतली एक जरी नीट टेकली नाही तरी पडद्यावर चौकटींचा गोंधळ उडतो. उलट फुंकरीतला ओलावा पट्टीवर बसून गंज वाढवतो. अस्सल कॅसेटींच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असे, स्वस्त कॅसेटींवर तो नावापुरता असे किंवा नसेच. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने माळ्यावर पडलेल्या कॅसेटीवर हिरवट थर आला नाही तरच नवल. उपाय साधा आहे: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. थर जुना असेल तर पांढरं मऊ खोडरबर एकदा हलक्या हाताने फिरवावं. पॉलिश पेपर कधीही वापरू नये, त्याने उरलासुरला मुलामाही जातो.

अमेरिकन एनईएसमध्ये मात्र फुंकरीच्या तक्रारीमागे दुसरंच प्रकरण होतं. तिथे यंत्रात एक कुलूप-चिप आणि प्रत्येक कॅसेटीत तिची जोडीदार असे. दोघींचं संभाषण जुळलं नाही की यंत्र साधारण सेकंदाला एकदा स्वतःला रीसेट करत राही, पडदा मिचमिच करी. अनधिकृत गेम रोखण्यासाठी केलेली ही व्यवस्था धुळीने माखलेल्या अस्सल कॅसेटीलाही चोर ठरवी. कुलूप-चिपचा चौथा पाय कापला की ती गप्प बसते. हाही हौशी लोकांचा एक जुना बदल. जपानी फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं, म्हणून आपल्या नकलांनाही नव्हतं. आपली यंत्रं मिचमिच करत नसत, ती थेट गोंधळलेलं चित्र दाखवत. कॅसेट वरून सरळ खाली बसत असल्याने त्यांचे काटेही जास्त टिकले.

‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटी आठवतात? यादी संपता संपत नसे आणि खेळायला घेतलं की तेच पंधरा-वीस गेम. मूळचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांचा आहे. असे लहान गेम एका मोठ्या स्मृती-चिपमध्ये शेजारी शेजारी ठेवायचे आणि निवड होताच एका साध्या चिपने त्यांतला एकच तुकडा प्रोसेसरसमोर आणायचा. प्रोसेसरला एका वेळी प्रोग्रामचे ३२ किलोबाइटच दिसतात, बाकीचं अस्तित्व त्याला ठाऊक नसतं. यादीतली पुढची नावं म्हणजे तेच गेम, फक्त सुरुवातीचा टप्पा किंवा जीव यांचे आकडे बदललेले. ‘काँट्रा’ १२८ किलोबाइटांचा आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ३८४ किलोबाइटांचा, शिवाय त्याला स्वतःची खास चिप लागते. म्हणून तो या मोठ्या याद्यांमध्ये क्वचितच सापडे. काही कॅसेटींत यादीही नसे. यंत्राचं रीसेट बटण दाबलं की पुढचा गेम येई. कॅसेटीतला छोटा गणक प्रत्येक रीसेटला एकाने पुढे सरके, एवढीच त्याची युक्ती.

या रीसेट बटणाची एक खोड माझ्या विशेष आवडीची आहे. रीसेट दाबल्याने प्रोसेसर प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करतो, पण २ किलोबाइटांची कामाची स्मृती पुसली जात नाही. सुपर मारिओ सुरू होताना आधी एक खूण तपासतो. ती जागेवर असेल तर यंत्र आधीपासूनच चालू होतं असं समजून जुना उच्चांक आणि शेवटचं जग तसंच ठेवतो. खेळ संपल्यावर ‘ए’ दाबून ‘स्टार्ट’ दाबलं की त्याच जगापासून सुरुवात होते, ती यामुळेच. जपानी मुलांनी यातून एक अचाट प्रयोग केला. यंत्र चालू असतानाच मारिओची कॅसेट उपसायची, ‘टेनिस’ची घालायची, रीसेट करून थोडं खेळायचं आणि पुन्हा मारिओ घालायचा. टेनिसमध्ये खेळाडूची पावलं मोजणारा आकडा स्मृतीत जिथे लिहिला जातो, तिथेच मारिओ आपलं जग शोधतो. जितकी पावलं, तितकं जग! प्रोग्राममध्ये आठच जगं आहेत, पण त्यापुढचा आकडा दिला की यंत्र असंबद्ध माहितीतून जग रचतं: पाण्यात किल्ला, जमिनीवर पोहणारा मारिओ. ‘उणे एक’ जग म्हणून मुलांमध्ये दंतकथा झालेला टप्पाही असाच. ते प्रत्यक्षात जग क्रमांक ३६ आहे. चित्रांच्या तक्त्यात ३६ व्या जागी कोरी चौकट आहे म्हणून पडद्यावर नुसतं ‘–१’ दिसतं. चालू यंत्रातून कॅसेट उपसण्याचा प्रयोग आज कुणी करू नये. त्यात चिप जळण्याचा धोका खरा आहे आणि यूएमसीच्या त्या जुन्या चिप आता नव्या मिळत नाहीत.

‘डक हंट’ची बंदूक हा एक वेगळाच विषय. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे, तो चौकोनाचा उजेड दिसला का एवढंच सांगतो. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात आणि कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून बदक ठरतं. दिव्याकडे रोखून फसवता येऊ नये म्हणून आधीचा काळा पडदा आहे, आणि डोळ्यामागची इलेक्ट्रॉनिक चाळणीही टीव्हीच्या ओळींच्या लयीत लुकलुकणाऱ्या उजेडाचाच संकेत पुढे सोडते. सपाट पडद्याच्या टीव्हीला ही लय नाही. त्यात तो चित्र दाखवण्याआधी प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो. आपल्या यंत्राचं एक चित्र वीस हजारांश सेकंदांचं. तेवढा उशीरही खेळ मोडायला पुरेसा आहे. बंदूक वापरायची तर जुना काचेच्या नळीचा टीव्हीच हवा. ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, कोणताही चालेल.

रिमोटची दुरुस्ती सर्वांत समाधान देणारी, कारण ती घरच्या घरी होते. आठ बटणं असूनही तारेत पाचच धागे लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि तीन संकेत. पहिला संकेत आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती पकडून ठेवतो, दुसरा ती एकेक पुढे ढकलतो आणि तिसऱ्यावरून यंत्र ती वाचतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, याच क्रमाने. एखादंच बटण चालत नसेल तर रबराखालचा कार्बन झिजलेला आहे. सगळीच बटणं गेली असतील तर तार तुटलेली आहे, बहुतेक वेळा रिमोटच्या तोंडाशी, जिथे मुलं ती ओढत. नकली संचांच्या नऊ पिनांच्या जोडणीचा क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासावं.

वीज हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूळ फॅमिकॉमच्या ॲडॉप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये ती धन असते आणि नकली यंत्रांत दोन्ही प्रकार सापडतात. उलट जोडण्यापासून वाचवणारा डायोड अनेक संचांत काटकसरीपायी घातलेलाच नाही. शिवाय जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना तो बारा-तेरा व्होल्टही देतो. यंत्रात ७८०५ नावाचा रेग्युलेटर ते पाच व्होल्टवर आणतो आणि उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो; तासाभराने यंत्राची पाठ तापे ती त्याच्यामुळे. तीस वर्षांत कॅपॅसिटर सुकतात. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात आणि गाण्यामागे गुणगुण ऐकू येते. दोन-तीन कॅपॅसिटर बदलले की ते बहुधा थांबतं.

बुधवारी किंवा रविवारी संगमवाडीचा पूल ओलांडून जुन्या बाजारात गेलात तर अशी यंत्रं आजही अधूनमधून दिसतात. घेण्याआधी तळाचे स्क्रू उघडता आले तर बघा. आत दोन मोठ्या चाळीस पायांच्या चिप असतील आणि त्यांवर ६५२७ आणि ६५३८ हे आकडे असतील, तर ते यंत्र दुरुस्त होतं आणि ठेवण्याजोगं आहे. बोर्डावर फक्त काळ्या गोंदाचा थेंब असेल, तर सगळं यंत्र त्या एका थेंबाखालच्या चिपमध्ये आहे; ते चालतं तोवर चालतं, आत काही बिघडलं तर काढून बदलायला काही नाही.

तुमच्या माळ्यावर असा संच असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा. जुना ॲडॉप्टर मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका. यंत्र उघडून बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपवरचे आकडे, संचाचं नाव आणि तो कोणत्या साली कुठून घेतला ते लिहून ठेवा, कारण भारतात विकल्या गेलेल्या या यंत्रांची सविस्तर नोंद फारशी कुणी केलेली नाही. आणि द्यायचाच असेल तर बंदूक, रिमोट आणि कॅसेटींसकट अशा माणसाला द्या, ज्याच्या घरी अजून काचेचा जुना टीव्ही चालू आहे.